पाच नंबरवर सुगंधा सिस्टर

मुलुंडमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सुगंधा पेडणेकर आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा. आवाज असा की कॉरिडॉरच्या टोकाला डुलक्या घेणारा वॉर्डबॉय दचकून उभा राहायचा. गाव मालवणजवळ, वडील आणि सासरे दोघंही गिरणीत कामाला होते. त्या स्वतः भांडुपला राहायच्या. ऐन तरुणपणी या आयसीयूत आल्या, त्या आता निवृत्तीला टेकल्या होत्या.

आयसीयूत माणसं मरतात, हे नर्सला कुणी शिकवावं लागत नाही. पण माणूस मेला तरी शेजारच्या बेडवर जिवंत माणूस असतो आणि त्याची सलाईन संपत आलेली असते, हे शिकवावं लागतं. सुगंधा सिस्टरांची शिकवायची पद्धत ठरलेली होती. पेशंट गेला की त्याची जी नर्स असेल तिला त्या दंडाला धरून कपड्यांच्या खोलीत न्यायच्या. चादरी, उशांचे अभ्रे, गाऊन यांच्या थप्प्या असलेली ती अरुंद खोली. दार लावून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "रडून घे. मग तोंड धू. मग ये, चार नंबरच्या घशातलं सक्शन राहिलंय." आणि दुपारी कुणी डबा उघडायला नको म्हटलं, तर त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "सुतक घरच्यांना. आपल्याला जेवायचंय."

नव्या पोरींना ते वाक्य निर्दयी वाटायचं. संघमित्रा पगारेलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. ती घाटकोपरच्या पंतनगरात वाढलेली, आईवडील येवल्याकडचे. नर्सिंगचा कोर्स करून थेट सुगंधा सिस्टरांच्या हाताखाली आली आणि तिथेच पक्की झाली. आता तिची मुलगी शाळेत जात होती, नवरा धम्मपाल मेट्रोच्या कारशेडमध्ये टेक्निशियन होता, आणि वॉर्डात सुगंधा सिस्टरांच्या खालोखाल तिचाच शब्द चालायचा. आता तीसुद्धा नव्या पोरींना तेच सांगायची. जेवा.

गेल्या ऑगस्टमध्ये आयसीयूची पार वाट लागली होती. डेंग्यू, लेप्टो, न्यूमोनिया. एक बेड रिकामा झाला की कॅज्युअल्टीत त्याच्यासाठी दोन माणसं थांबलेली. नर्सेस मात्र कमी. एक बाळंतपणाच्या रजेवर, एक नोकरी सोडून गल्फला गेलेली, एक स्वतःच डेंग्यूनं आडवी. उरलेल्यांनी डबल ड्युट्या करायच्या. सुगंधा सिस्टर सगळ्यांपेक्षा जास्त करत होत्या. इन्चार्जनं पेशंट घ्यायचे नसतात, पण त्या घेत होत्या.

अशातच एका सकाळी पाच नंबरवरचा हर्षद गेला. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारा तरुण पोरगा. गाळ्यात पाणी शिरलं, त्यात उभं राहून त्यानं मशिनी उचलल्या आणि लेप्टो घेऊन आला. मधे दोन दिवस तो चांगला सुधारला होता. त्याची नर्स श्रुतिका, कणकवलीहून नुकतीच मुंबईत आलेली. तो तिला म्हणायचा, "सिस्टर, बरा झालो ना की तुमच्या गावाला येतो. मासे खायला." सकाळी त्याच्या आईनं दाराच्या काचेतून हात करून विचारलं होतं, कसाय? आणि श्रुतिकानं अंगठा वर केला होता.

त्यानंतर थोड्याच वेळात त्याच्या फुफ्फुसात रक्त आलं. डॉक्टर चैतन्य, संघमित्रा, श्रुतिका सगळे त्याच्या छातीवर आळीपाळीनं दाबत होते. श्रुतिकाचे हात थांबेनात. शेवटी डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं, "बस, श्रुतिका. बस."

बाहेर आईला सांगितलं, तेव्हा ती डॉक्टरांकडे बघतच नव्हती. तिनं श्रुतिकाचा दंड पकडला. "तू सकाळी म्हणालीस ना बरा आहे म्हणून? तू म्हणालीस ना गं?"

सुगंधा सिस्टरांनी आईचा हात सोडवला, तिला बाकावर बसवलं, तिच्या पाठीवर हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग श्रुतिकाला कपड्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. दार लागलं. बाहेर संघमित्राला त्यांचा आवाज येत होता. गावच्या पोरीशी त्या गावच्याच बोलीत बोलायच्या. "रडान घे गो चेडवा. पोटात ठेवू नको."

दुपारी पॅन्ट्रीत डबे उघडले. श्रुतिका नुसती भातात बोटं फिरवत होती. सुगंधा सिस्टरांनी तिच्या डब्यात आपल्या डब्यातली बांगड्याची तुकडी टाकली. स्वतः मात्र त्यांनी फारसं खाल्लं नाही. संघमित्राच्या ते लक्षात आलं, पण तेवढ्यात दोन नंबरचा अलार्म वाजला आणि ती उठून पळाली.

दोन नंबरचं बघून ती परत वळली, तेव्हा सुगंधा सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी उभ्या होत्या. उजव्या हातात इंजेक्शनची बाटली. डावा हात ट्रॉलीवर पडलेला. त्या स्वतःच्याच डाव्या हाताकडे टक लावून बघत होत्या.

"मित्रा," त्या म्हणाल्या, "हो हात कोणाचो गो?"

संघमित्राला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग तिला त्यांच्या ओठाचा डावा कोपरा खाली ओघळलेला दिसला.

"डॉक्टर!" ती किंचाळली. आयसीयूत नर्सनं किंचाळायचं नसतं, हे तिला सुगंधा सिस्टरांनीच शिकवलं होतं.

खाली पडायच्या आत तिनं त्यांना धरलं. वॉर्डातल्या आया शकुमावशी स्ट्रेचर घेऊन धावत आल्या. सीटी स्कॅनच्या खोलीत पोचेपर्यंत सुगंधा सिस्टर ओकल्या, आणि मग त्यांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. न्यूरोसर्जन आले, स्कॅन लाइटसमोर धरून बराच वेळ बघत राहिले, आणि म्हणाले की डोकं उघडून काही हाती लागणार नाही.

आयसीयूत एकच बेड रिकामा होता. हर्षदचा. श्रुतिकानं थोड्या वेळापूर्वीच त्यावर नवी चादर घातली होती.

पुढचे दिवस वॉर्डात कुणी मोठ्यानं बोललं नाही. एरवी पॅन्ट्रीत काय काय चालायचं. कुठल्या डॉक्टरची नक्कल, कुठल्या पेशंटच्या नातेवाइकाचा किस्सा, कधी अगदी चावट विनोद, एखादी हसता हसता खुर्चीवरून पडायची. बाहेरच्या माणसानं ऐकलं तर म्हणेल, ह्यांना काही काळीज आहे की नाही. पण त्या हसण्यावरच तर संध्याकाळपर्यंत उभं राहता यायचं. ते आता बंद पडलं. पोरी भिंतीकडे तोंड करून चहा प्यायच्या आणि परत जायच्या.

पाच नंबर संघमित्रानं स्वतःकडे घेतला. मेट्रन म्हणाली, "तुला जमेल? जवळच्या माणसाचं करणं सोपं नसतं." संघमित्रा म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या हातून करवून घेणं मला जमणार नाही."

डोळ्यांवर ओली पट्टी ठेवायची, तोंड स्वच्छ करायचं, कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची. हात आपोआप चालायचे. अडायचं ते बोलताना. बेशुद्ध पेशंटशीही बोलत राहायचं, त्याला ऐकू येत असतं, असा सुगंधा सिस्टरांचा दंडक होता. संघमित्रानं किती अनोळखी माणसांना सांगितलं होतं, काका आता तुम्हाला वळवतेय हं, आजी जरा गार लागेल हं. आता तिच्या तोंडून आवाजच निघेना. या बाईला काय सांगायचं, जिला सगळंच माहीत होतं? सक्शनच्या नळीनं काय होतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणजे काय, सगळं.

शेवटी तिनं वॉर्डाचा रिपोर्ट द्यायला सुरुवात केली. ड्युटी बदलताना इन्चार्जला देतात तसा. "सिस्टर, तीन नंबरची ट्यूब आज काढली, छान श्वास घेतोय. सहा नंबरच्या आजी खूप त्रास देतायत, नर्सना शिव्या घालतायत, म्हणजे सुधारतायत. सलाईनचे नवीन पंप आले नाहीत अजून. मी स्टोअरवाल्याशी भांडले." व्हेंटिलेटरचा भाता खालीवर होत राहायचा. संघमित्रा रोज येताना आणि जाताना रिपोर्ट द्यायची. श्रुतिका लांबून बघायची आणि तोंड फिरवायची.

सुगंधा सिस्टरांचे यजमान, सहदेवकाका, बाहेरच्या बाकावर बसून असायचे. उंच, कृश माणूस, पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका सोसायटीत सिक्युरिटीचं काम केलं होतं, आता घरीच असत. मुलगा निलेश दुबईहून आला, तो डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचा, फोनवर कुणाकुणाला रिपोर्ट पाठवायचा. काका काही विचारत नसत. भेटायची वेळ झाली की गाऊन घालून आत यायचे आणि बेडच्या पायाशी उभे राहायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी मान वळवून सगळा वॉर्ड बघितला. मशिनी, नळ्या, एका बेडवर विव्हळणारा म्हातारा.

"मी आतमध्ये आजच आलो," ते म्हणाले. "इतकी वर्षं गेटपर्यंतच. कधी छत्री द्यायला, कधी डबा विसरली म्हणून." मग थोड्या वेळानं, "ती रोज हे बघायची?"

"हो काका."

"घरी कधी बोलली नाही."

शेवटी एका दुपारी डॉक्टर चैतन्यांनी निलेशला आणि काकांना बाजूच्या खोलीत बसवलं. आता पुढे नवं काही करण्यात अर्थ नाही, हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही, हे दोघांनी ऐकलं. निलेश रडला. काकांनी एवढंच म्हटलं, "तिची छाती नका दाबू. तिनं खूप जणांची दाबली असेल, तिला ठाऊक असणार ते कसं असतं."

ती वेळ आली तेव्हा संघमित्रानं पडदे ओढून घेतले. मॉनिटरवरचा आकडा उतरत होता. अलार्म वाजायला लागला तसा तिनं तो बंद केला. काकांनी सुगंधा सिस्टरांचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला होता. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली तरी त्यांनी तो सोडला नाही. त्यांना कळलंच नव्हतं. संघमित्रानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका."

"झालं?"

"झालं."

त्यांनी मान हलवली आणि कापडी पिशवी पुढे केली. आत हिरवी साडी, हळदीकुंकवाची डबी, आणि कागदात गुंडाळलेला हिरवा चुडा होता. "सवाष्ण गेली," ते म्हणाले. "तुम्ही नेसवाल ना? बाहेरच्यांच्या हातात नको."

संघमित्रा आणि श्रुतिका, दोघींनी मिळून केलं. नळ्या काढल्या, चिकटपट्टीचे डाग स्पिरिटनं पुसले, कोमट पाण्यानं अंग पुसलं. साडी नेसवली. अडचण आली बांगड्यांची. नर्सच्या हातात बांगड्या चालत नाहीत, म्हणून सुगंधा सिस्टरांची मनगटं कायम रिकामी. सासू असेपर्यंत त्यावरून बोलणी खाल्लीत, असं त्या हसून सांगायच्या. आणि आता हात सुजून गच्च झाले होते. काचेची बांगडी अंगठ्यापाशीच अडायची. संघमित्रानं जोर लावला तशी एक बांगडी कचकन फुटली. श्रुतिका दचकून मागे सरली.

"साबण आण," संघमित्रा म्हणाली.

साबणानंही जमेना. मग श्रुतिकानं न बोलता ईसीजीची जेली आणली. सुगंधा सिस्टरांचा हात मांडीवर घेतला, जेली लावली, बोटं एकमेकांत दाबून धरली आणि एकेक बांगडी हळूहळू फिरवत वर चढवली. बांगडीवाला लहान मुलीला भरतो तशी. तिचे अश्रू त्या हातावर पडत होते, ते ती कापसाच्या बोळ्यानं टिपत होती. दोन्ही हात भरले. संघमित्रानं कुंकू लावलं, हळद लावली, अंबाडा नीट बांधला. तिच्या घरात हे विधी नव्हते. पण कुठल्या पेशंटला काय लागतं हे या वॉर्डात ज्यांनी शिकवलं, त्यांच्यासाठीच ती ते करत होती.

काका आत आले. बघत राहिले. "लग्नात अशी होती," म्हणाले.

सुगंधा सिस्टरांना नेलं, आणि कॅज्युअल्टीतून फोन आला. बेड झाला का?

शकुमावशींनी गादी पुसायला घेतली. पुसताना त्या मोठमोठ्यानं रडत होत्या, आणि पुसणं थांबवत नव्हत्या. नवे पेशंट आले ते घाटकोपरचे एक गुजराती आजोबा, छातीत पाणी झालेले, पण बोलायला खणखणीत. आल्या आल्या त्यांनी गादी दाबून बघितली. "सिस्टर, इथं आधी कोण होतं?"

श्रुतिका त्यांच्या हाताला बीपीचा पट्टा बांधत होती. "आमच्या सिस्टर."

"बऱ्या झाल्या?"

पलीकडून संघमित्रा म्हणाली, "हो आजोबा. घरी गेल्या."

श्रुतिकानं बीपी घेतलं, लिहिलं, पंप लावला, आजोबांच्या पाठीशी उशी दिली. सगळं व्यवस्थित. ड्युटी संपल्यावर ती गेली आणि दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. फोन उचलेना.

सुगंधा सिस्टरांच्या तेराव्यानंतर संघमित्रा तिला शोधत भांडुपला गेली. श्रुतिका तिथं आणखी दोघींबरोबर एका खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहायची. दार उघडलं तर केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, बॅग भरून ठेवलेली.

"गावाला चाललीस?"

"हो."

"जा की. पण मला सांगून जा. मी काय तुला अडवणार आहे?"

श्रुतिका पलंगावर बसली. बराच वेळ नखं कुरतडत होती. मग एकदम म्हणाली, "मी बघितलं होतं."

"काय बघितलंस?"

"त्या दिवशी. हर्षद गेला तेव्हा. सिस्टर मला कपड्यांच्या खोलीत घेऊन गेल्या ना. मी रडत होते. मग वर बघितलं तर त्या रॅकला टेकून उभ्या, डोळे मिटलेले. तोंड पांढरंफटक. खिशातून गोळी काढून पाण्याशिवाय गिळली. मी विचारलं काय होतंय. तर म्हणाल्या, डोक्या जरा धरलाहा, कोणाक सांगू नको." तिनं उशी मांडीवर ओढली. "आणि मी नाही सांगितलं. मी माझंच रडत बसले. मी तुम्हाला सांगितलं असतं तर..."

तुझी काही चूक नाही गं, असं संघमित्राला पटकन म्हणता आलं असतं. पण पोरगी नर्स होती. तिला खोटं लगेच कळलं असतं.

"सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी त्यांचं बीपी घेतलं असतं. ते भरमसाट आलं असतं. मी म्हटलं असतं, सिस्टर खाली जा, दाखवून या. त्या म्हणाल्या असत्या, आणि बेड कोण बघणार, तुझा नवरा? आणि मी हसून गप्प बसले असते. कारण खरंच कुणी नव्हतं बघायला. त्या जेवल्या नाहीत हे मीही बघितलं होतं, श्रुतिका. मीही काही विचारलं नाही."

"मग कुणाची चूक?"

"माहीत नाही. बाईनं गोळी गिळून उभं राहायचं आणि आपण त्याला कौतुकानं काय बाई आहे म्हणायचं, हीच चूक असेल. ती आपण सगळ्यांनीच केली."

श्रुतिका तिच्या कुशीत शिरून रडली. मग तोंड धुऊन म्हणाली, "काकांना भेटून येऊ या?"

सहदेवकाकांचं घर तिथून चालत जाण्यासारखं होतं. निलेश दुबईला परत गेला होता. काका एकटेच होते. त्यांनी चहा केला, पण साखर घालायची विसरले. दोघींनी तो तसाच अगोड प्यायला.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग काकांनी एकदम विचारलं, "तुम्ही पोरी घरी गेल्यावर काय करता?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं कुणी मेलंबिलं की." ते न्हाणीघराच्या दाराकडे बघत होते. "ही घरी आली की आधी आत जायची. कडी लावायची आणि नळ सोडायची. बालदी भरून वाहायची तरी नळ चालूच. कधी अर्धा अर्धा तास. माझी आई चिडायची, पाणी फुकट घालवते म्हणून. नंतर बाहेर यायची ती हसतच. म्हणायची, चला, आज काय करू जेवायला?"

श्रुतिकानं कप खाली ठेवला.

"मला कळत होतं," काका म्हणाले. "नळाच्या आवाजाखाली दुसराही आवाज यायचा. मला वाटायचं, बाईमाणसाचं आहे, विचारू नये. तिलाही तसंच वाटत असेल, सांगू नये. इतकी वर्षं गेली पोरींनो. मी दारापर्यंत जायचो. पण दार कधी वाजवलं नाही."

परत येताना श्रुतिका म्हणाली, "आपल्याला रडायला लावायच्या आणि स्वतः नळ सोडून बसायच्या." त्यात राग होता. संघमित्रालाही तो राग आला होता, आणि त्या रागानं तिला आणखीच रडू येत होतं.

त्यानंतर हॉस्पिटलनं सुगंधा सिस्टरांचा फोटो नर्सिंग ऑफिसात लावला. ताण कसा हाताळावा यावर एक व्याख्यान ठेवलं. पाहुण्या बाईंनी पडद्यावर समुद्राचं चित्र दाखवून सगळ्यांना दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. सगळ्यांनी घेतला. मग मागून एकीनं विचारलं, "मॅडम, श्वास घेतो आम्ही. पण नवीन स्टाफ कधी घेणार?" बाई म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही. खरंच नव्हतं.

श्रुतिका गावाला जाऊन महिन्याभरानं परत आली, पण आयसीयूत नाही. तिनं डोळ्यांच्या ओपीडीत बदली मागून घेतली. "तिथं कुणी मरत नाही," ती म्हणाली. संघमित्रानं तिला समजावलं नाही. चांगली नर्स होती, तिथंही चांगलीच राहिली असती. कॉरिडॉरमध्ये भेटली की दोघी क्षणभर हात धरायच्या आणि आपापल्या कामाला जायच्या.

इन्चार्जची जागा मेट्रननं संघमित्राला देऊ केली. तिनं आधी नको म्हटलं. मग अट घातली, लागोपाठ दोन डबल ड्युट्या कुणालाही लावणार नाही, आणि तिलाही कुणी लावायच्या नाहीत. मेट्रन म्हणाली, प्रयत्न करू. पुढच्याच आठवड्यात एकीला लावाव्या लागल्या. संघमित्रानं त्या पोरीला ड्युटीच्या मधे खुर्चीत बसवून झोपवलं आणि तिचे पेशंट स्वतः बघितले. तेवढंच तिच्या हातात होतं.

दिवाळीच्या तोंडावर एक बाळंतीण आली, बाहेरच्या नर्सिंग होममधून हलवलेली. रक्त थांबत नव्हतं. सकाळपासून पिशव्यांवर पिशव्या चढवल्या, सगळ्यांनी जीव तोडून केलं. दुपार कलायच्या आत ती गेली. संघमित्रानं तिच्या नर्सला कपड्यांच्या खोलीत पाठवलं, तिच्या सासूला पाणी दिलं, बाळ कुठं आहे याची चौकशी केली, रिपोर्ट दिला आणि घाटकोपरला घरी आली.

धम्मपाल त्या दिवशी लवकर आला होता. ओट्याशी भेंडी चिरत होता. मुलगी रुचिरा जमिनीवर कंदिलाचे कागद पसरून बसली होती.

"कसा गेला दिवस?" त्यानं न वळता विचारलं.

"ठीक," ती म्हणाली, आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. नळ सोडला. बालदीत पाणी पडायला लागलं. ती स्टुलावर बसली आणि ओठ दाबून रडायला लागली. पाण्याचा आवाज चांगला मोठा होता. बाहेर काही ऐकू गेलं नसतं.

बालदी भरली. पाणी काठावरून तिच्या पायांवर आलं, तेव्हा तिचं रडणं मधेच थांबलं. ती पायांकडे बघत राहिली. हे आपण कधीपासून करतोय, तिनं आठवून बघितलं. आठवेना. बरीच वर्षं असतील. सुगंधा सिस्टरांच्या हाताखाली येण्याआधी नाही, त्या गेल्यानंतर नाही, मधेच कधीतरी, कुणी न शिकवता.

तिनं नळ बंद केला आणि तोंड न धुताच बाहेर आली.

धम्मपालनं वळून बघितलं. सुरी खाली ठेवली. "काय झालं?"

"आज एक बाई गेली," संघमित्रा म्हणाली. "बाळंतीण होती. कालच मूल झालंय. रडते मी आतमध्ये. नेहमी रडते. तुला ठाऊक आहे का?"

त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तो हात पुसत पुढे आला, तिच्यासमोर जमिनीवरच बसला. मेट्रोच्या डब्यातला बिघाड असता तर काय करायचं ते त्यानं चटकन सांगितलं असतं.

"नाव काय होतं तिचं?" शेवटी त्यानं विचारलं.

"चेतना."

"मुलगा झाला का मुलगी?"

"मुलगी. अजून तिच्या आईनं तिला नीट बघितलंसुद्धा नव्हतं रे." आणि मग ती सांगत गेली. रक्त कसं थांबत नव्हतं, चेतनानं शुद्ध जायच्या आधी काय विचारलं, सासू कशी बाळाचं दुपटं हातात घेऊन उभी होती. रुचिरा कागद सोडून जवळ आली. संघमित्राला वाटलं, पोरीला लांब पाठवावं. पण पाठवलं नाही. पोरगी आईच्या मांडीला टेकून ऐकत बसली, आणि मधेच तिनं विचारलं, "मग बाळाला आता कोण घेणार?"

"माहीत नाही बाळा," संघमित्रा म्हणाली. बाहेर अंधारून येत होतं आणि दिवा लावायला कुणी उठत नव्हतं.